ठकुच्या नावाचा ठसा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

ही डायरी सोसायटीनं ह्यांना मागल्या साली दिली. ह्यांनी तिच्यात एक अक्षर लिवलं न्हाई, वर्षभर उशाखाली घेऊन झोपले. कोरा कागद वाया घालवणं मला जमत न्हाई. वार मागल्या सालचं छापलेत, ते खोडून बरुबर वार टाकते. माझं शिक्षण तिसरी. चौथीत नाव घातलं व्हतं, पण त्याच साली घरात म्हैस आली.

लिवायचं कारण असं, की मला कला सापडली.

शेफाली, म्हंजे माझ्या लेकीची लेक, शनवारी पुण्यास्नं आली, काल गेली. येताना एक पेटी आणली व्हती. मला वाटलं मिठाई. उघडली तर रबराचे ठसे. फुलं, पानं, पाखरं, एक छत्री. ठसा शाईच्या पॅडवर टेकवायचा, जाड कागदावर दाबायचा, झालं कार्ड. असलं पॅड म्या तलाठ्याच्या टेबलावर बघितलंय. तिथं माझा अंगठा घेत्यात. हिच्या पॅडातनं मोगरा निघतो.

पहिला मोगरा फिसकटला. शेफाली म्हणाली, आजी, लाटणं फिरवल्यागत हलवू नको. सरळ ठेव, दाब, सरळ उचल. दुसरा डोक्यावर उलटा आला. तिसरा असा उमटला की रत्ना, म्हंजे आमची नातसून, चुलीवरचं सोडून बघायला आली. दूध उतू गेलं. ते तिच्यामुळं.

तर ठरलं. दोन मार्चला रविवारी पणतवाचं, इंद्रजितचं, जावळ काढायचंय. देवळापुढं पहिले केस उतरवायचे अन् मग बोकडाचं जेवाण. त्याची निमंत्रणाची कार्डं म्या माझ्या हातानं करणार. एक्कावन्न. दिसाला पाच धरली तर अकराव्या दिशी मोकळी. उरलेल्या दिसांत काय करायचं, हाच प्रश्न पडणार हाय.

त्याच दिवशी. दुपारी

नातू सोमनाथ टेम्पो धुता धुता म्हणाला, आजी, जावळाला कार्ड कोण करतं, मोबाईलच्या ग्रुपवर टाकू की. म्या म्हणलं, ग्रुपवरचं कुणी देवापुढं ठेवतं का. गप बसला. म्हंजे पटलं त्याला.

५ फेब्रुवारी, बुधवार

यादी करायला बसले. रत्ना म्हणाली, ठकुआजीचं नाव हाय का त्यात. म्या म्हणलं, हाय तर.

ठकुबाई माझी धाकटी बहीण. पालीला दिलेली, राजगडाच्या पायथ्याला. तिचा ल्योक गोरख गड बघायला येणाऱ्या लोकांना झुणका-भाकर घालतो. तीन सालं झाली, ठकु आमच्या पासलीच्या उंबऱ्यात आली न्हाई. का, तर सोमनाथच्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या मावश्या-आत्यांची नावं आली अन् तिचंच राहिलं. ठकु शाळेत गेलीच न्हाई कदी. गोरखनं पत्रिका वाचून दाखवली. सगळी नावं संपली तरी ही म्हणते, पुढं वाच. तो म्हणाला, पुढं मंडपवाल्याचं नाव हाय. तिथंच ठकु उठली ती लग्नाला आलीच न्हाई.

चूक छापखान्यावाल्याची. म्या सगळ्यांना तेव्हापास्नं हेच सांगितलंय.

ह्या खेपेला छापखानाच न्हाई, म्हंजे चुकायचा सवालच न्हाई. रत्ना म्हणते, तुमी ठकुआजीला आणायसाठीच हा घाट घातलाय. तसं काही न्हाई. ही कला हाय. ठकु आली काय अन् न आली काय, मला फरक पडत न्हाई. तिच्यासाठी निळं लुगडं घेऊन ठेवलंय, पण ते दिवाळीचं हाय. मागल्या दिवाळीचं.

६ फेब्रुवारी

शेफालीनं जाताना मला पॅड, मोगऱ्याचा ठसा, जाड कागद अन् एक बारकं यंत्र ठेवलंय. यंत्रात कार्डाचा कोपरा घातला की कट करून उडतो. फॅशन हाय म्हणे. पोरगी पुण्यात वाढली, तिला काय ठावं. कोपरा उडवलेला कागद आमच्याकडं एकाच कामाला येतो, मयताची खबर द्यायला. कोपरा फाटलेलं कार्ड दारात आलं की ते वाचायचं न्हाई, आदी रडायचं, मग कुणीतरी शहाणा माणूस वाचून कोण गेलं ते सांगतो. ठकुला अन् मला अक्षरांच्या आदी हे शिकवलेलं हाय.

यंत्र माळ्यावर टाकलं. परत हात लावणार न्हाई.

आजची कार्डं: दोन. उद्या आठ करून भरून काढते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नुसत्या मोगऱ्यावर निमंत्रण व्हत न्हाई. नावं पायजेत, म्हंजे नावांचे ठसे पायजेत, म्हंजे रबर पायजे. घरात रबर कुठं, तर ह्यांच्या पायात. स्लीपर नवीच हाय, त्यामुळं रबर पण चांगलं निघणार. डाव्या पायातली घेतली अन् टाचेकडनं कापली. म्हाताऱ्या माणसाला टाच लागतेच किती.

दाढीच्या ब्लेडनं इंद्रजितचं नाव कोरलं. दुपार गेली. लई सुबक झालं. दाबून बघितलं तर कागदावर सगळं उलटं. रत्ना म्हणाली, आजी, पाहुण्यांना कार्डाबरुबर आरसा पण द्या. ठशात अक्षर उलटं कोरावं लागतं म्हणे. मला सुलटंच जेमतेम येतं.

ही शाळेची चूक हाय. चौथीत शिकवत असतील उलटं.

८ फेब्रुवारी

हे एका पायात चप्पल घालून सोसायटीत जाऊन आले. आल्यावर म्हणाले, दुसरी पण घे. म्हाताऱ्याला लकवा मारला का म्हणून चार जणांनी इचारलं.

घेतली. उमदा माणूस.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज डोकं चाललं. श्रेय थोडं सावळाचं हाय, पण कमी.

सावळा धनगर वरच्या वाडीचा. मेंढरं घेऊन ओढ्यावर आला व्हता. त्याच्या एकेका मेंढराच्या पाठीवर लाल पट्टा. म्या इचारलं, नाव का लिवत न्हाईस. तो म्हणाला, मावशे, मला लिवता येत न्हाई अन् मेंढराला वाचता येत न्हाई, नाव कुणासाठी लिवू. आमचा लाल पट्टा पाठीवर, पलीकडल्या वाडीचा निळा ठिपका मानंवर. चार कळप एका पाण्यावर आले तरी सांजच्याला ज्याचं त्याच्या वाड्यात.

म्या म्हणलं, सावळा, पाहुणे तरी काय वेगळे असत्यात. एकेका घराला एकेक खूण. कार्डावर ओळीनं सगळ्या खुणा मारायच्या, आपलंच माणूस हाय, ओळखील की. तो म्हणाला, ओळखील, पण पाहुण्याच्या पाठीवर मारू नकोस म्हंजे झालं. अन् हसत गेला. धनगराला कलेतलं काय कळतंय.

खुणा अशा. सोमनाथचा टेम्पो. रत्नाच्या माहेरचं, आंबवड्याचं, देवळाचं शिखर. शेफालीचा मोगरा, तो तयारच हाय. सावळाचं मेंढरू. ह्यांची चप्पल; ती कोरायचीच न्हाई, नुसता आकार कापायचा, सगळ्यात लवकर झाली. माझं वांगं.

ठकुला मोर. लहानपणी जत्रंत गोंदणारी आली व्हती, तवा ठकुच्या हातावर मोर गोंदवला अन् माझ्या हातावर विंचू. मला पण मोरच पायजे व्हता. पण ते जाऊ दे. उजव्या चपलेचा पंज्याकडचा भाग, सगळ्यात जाड, मोरासाठी वेगळा ठेवलाय. तो ठसा सगळ्यांत भारी करणार. ठकु म्हणून न्हाई. मोर म्हणून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टेम्पो झाला. शिखर झालं. मेंढरू झालं, सोमनाथ म्हणतो उशी हाय, पण उशीला पाय असत्यात का.

मोर कोरला. कोंबडी झाली.

१५ फेब्रुवारी

मोर परत कोरला. ह्यांनी बघून इचारलं, तांब्या का.

आज हात जड व्हता. आंबाडीची भाजी खाल्ल्यावर हात जड व्हतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोराची मान तुटली. नुसता पिसारा उरलाय. उद्या.

एकूण कार्डं: सात. आता दिसाला चार केली तरी पुरं व्हत्यात. म्हंजे आपण पुढंच हाय.

२० फेब्रुवारी, गुरवार

पॅड कोरडं पडलं. शेफालीला फोन लावला, ती म्हणाली रविवारी कुरिअर करते. म्या म्हणलं, राहू दे, गावात काय कमी हाय. कुंकवात गोडंतेल कालवलं, चिंधीवर ओतलं, झालं पॅड. रंग काय लालभडक आला. पण सांजच्याला बघते तर तेल पसरून एकेका खुणेभवती डाग. टेम्पो भज्यातनं चाललाय असं दिसतं. रत्ना म्हणाली, कार्डं ठेवा जपून, जेवणादिवशी भजी द्यायला व्हतील. शिवाय तिनं कुंकवाचा करंडा उचलून वर ठेवला, सणाला पुरायचं न्हाई म्हणून.

२१ फेब्रुवारी

तव्याखालची काजळी खरवडून एरंडेलात कालवली. हे खरं पॅड. ठसा असा उठून दिसतो की बघत बसावं. रत्ना कुरकुरली, आजी, शुभ कामाला काळं. म्या म्हणलं, लेकराच्या गालाला तीट कसली लावतेस, काळीच ना. कार्डाला पण दृष्ट लागायची न्हाई. तिसरीवाल्या बाईनं बारावीवालीला गप केलं, हे लिवून ठेवते.

आता शिकलेलं पण लिवते, इसरंल न्हाई तर. ठसा थोड्याच शाईत बुडवायचा. एकदा मारला की ओल्या फडक्यानं पुसायचा. कार्ड वाळल्याबिगर दुसऱ्यावर ठेवायचं न्हाई. हे सगळं म्या स्वतः शोधून काढलं. शेफाली पण हेच म्हणत व्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

जाड कागद संपला. माळ्यावर सोमनाथच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका व्हत्या, गठ्ठाच्या गठ्ठा. पाठीमागनं कोऱ्या. एकदम ब्येस. दोन दोन पत्रिका पाठीला पाठ न लावता, पोटाला पोट लावून गव्हाच्या खळीनं चिकटवल्या, की आतलं छापलेलं झाकलं अन् दोन्ही बाजू कोऱ्या. असं शेफालीला पण सुचलं नसतं.

गठ्ठ्यात एक चिठ्ठी सापडली. छापखान्याला दिलेल्या नावांची. माझ्या अक्षरातली. जुनी हाय. त्यात बघण्यासारखं काही न्हाई. डायरीच्या मागल्या पानात ठेवली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एकूण कार्डं: चौतीस. खळ वाळायला अंगणात मांडली. ठकुचं सोडून बाकी सगळ्या खुणा मारल्या. मोर झाला की एका बैठकीत चौतीस मोर. पंधरा मिन्टाचं काम.

जवळच्या घरांना बारा कार्डं आजच वाटली, मोर न मारताच. सरपंचाच्या बायकोनं बघून इचारलं, वांगं कशाचं, जेवाण गोडं हाय का. म्या म्हणलं, वांगं म्हंजे मी. ती म्हणाली, बरं.

ठकुचं कार्ड शेवटी करणार. घाईत करायचं न्हाई ते.

२६ फेब्रुवारी, शिवरात्र

उपास. सकाळी देवाला गेले, येऊन बघते तर बोकड दावं तोडून अंगणात. खळ गव्हाची असते, त्याला पोळीच वाटली असणार. एकवीस कार्डं गेली. बाविसावं तोंडात व्हतं. ओढून घेतलं. वरचा कोपरा त्याच्याकडं राहिला.

बोकडाला म्या काही बोलले न्हाई. रविवारी त्याचं काय व्हायचंय ते त्याला ठावं न्हाई, उगं वरनं टाकून बोलायचं कशाला.

तसं बघितलं तर बरंच झालं. कार्ड कमी असलं की त्याची किंमत वाढते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी

मोर न्हाई झाला. रबर संपलं. सोमनाथच्या बुटाकडं नुसतं बघितलं तरी त्यानं ते टेम्पोत टाकून कुलूप लावलं.

मग इचार केला. सगळ्या कार्डावर कुणाकुणाच्या खुणा असाव्यात. पण हे कार्डच ठकुला चाललंय. ज्याचं कार्ड त्याच्यावर त्याचीच खूण कशाला. घरधन्याच्या दारावर पाहुण्याचं नाव कोण लिवतं. हे उदाहरण नीट बसलं न्हाई, पण मला कळतंय.

राहिला कोपरा. बोकडाचे दात दिसत व्हते, तसं पाठवणं बरं न्हाई. यंत्र माळ्यावरनं काढलं अन् कट करून उडवला. एकदम गोल, सुबक. आता ह्याला कुणी काही म्हणायचं कारण न्हाई. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. हा यंत्रानं कापलाय. लई फरक हाय. शिवाय ठकु काही आडाणी न्हाई, तिच्या हाटेलात पुण्या-मुंबईची माणसं येत्यात, तिला फॅशन कळती.

पांढऱ्यावर काळं, एक कोपरा गोल. बघत राहावं असं.

कार्ड ताणून बसावं म्हणून त्याच्यावर माझा मोबाईल अन् मोबाईलवर पाटा ठेवला व्हता. काढून बघितलं तर मोबाईल बंद. असू दे, कुणाला बोलायचंय.

ST च्या कंडक्टरला म्हणलं, पालीच्या फाट्यावर गोरखच्या हाटेलात द्या, ठकुबाईला. काय सांगू म्हणाला. म्या म्हणलं, काही सांगू नका, बघितलं की तिला कळंल.

१ मार्च, शनवार. सांजच्याला

आजचं आजच लिवते, न्हाई तर उद्या इसरंल. न्हाई इसरणार, पण लिवते.

दोन-अडीचला ओट्यावर बसले व्हते. ठसे पुसायला काढले व्हते, टेम्पोवर काजळी ओलीच व्हती. तेवढ्यात वळणावर टेम्पोचा आवाज आला अन् टेम्पोच्या आदी रडणं आलं. आगं माझे बये, मला एकटीला टाकून कुठं गेलीस. आवाज ठकुचा. तीन सालांनी ऐकला, पण वळणावरनं ओळखला.

म्या काय केलं, तर पदर तोंडाला लावला अन् मी पण रडाय लागले. कोण गेलं हे इचारायच्या आदी. सवय असते. माझं ऐकून शेजारच्या दोघी आल्या, त्या पण बसल्या. रत्ना लेकरू घेऊन बाहेर आली, ते पण सुरू झालं.

टेम्पोतनं नऊ बायका उतरल्या. दोघींनी ठकुला धरलेलं. केस सुटलेले. ती तशीच आली अन् ओट्यावरच्या पहिल्या बाईच्या गळ्यात पडली. ती मीच. माझ्या गळ्यात पडून मला म्हणती, शेवटचं तोंड पण दाखवलं न्हाई गं तिनं, आता दाजींना भाकरी कोण घालंल. म्या म्हणलं, रत्ना घालती की. तवा ती थांबली. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. नीट बघितलं. म्हणाली, तू हायेस.

म्या म्हणलं, हाय की.

मग गेलं कोण, म्हणाली. सगळ्या बायका ह्यांच्याकडं बघाय लागल्या. हे अनवाणी, डोक्यावर सरपण घेऊन परसातनं येत व्हते. हे म्हणाले, मी पण हाय.

मग ठकुनं चोळीतनं कार्ड काढलं. हे बघ काळं. हा बघ कोपरा. कंडक्टर म्हणाला, पासलीच्या म्हातारीच्या घरनं आलंय, अन् बोलंना पुढं काही. मोबाईल लावला तर तुझा बंद. गोरख पुण्याच्या लोकांना घेऊन गडावर, तिथं रेंज न्हाई. वाचाय कुणी न्हाई, अन् वाचायचं काय त्यात, अक्षर तर एक न्हाई, खाली आपलं एक वांगं. मला वाटलं, माणूस गेल्यावर वांग्याचं काहीतरी नवीन निघालं असंल.

म्या म्हणलं, ठकु, यंत्रानं कापलाय तो कोपरा, फाडलेला न्हाई.

तिनं ओट्यावरचा ठसा उचलला अन् माझ्या पाठीत दोन घातल्या. रत्ना म्हणती, पांढऱ्या चोळीवर टेम्पो उमटला. एकदम सरळ, कुठंच फिसकटला न्हाई. महिनाभरात एवढा चांगला ठसा माझ्या हातनं एकदा पण आला नव्हता.

मारून झाल्यावर ती परत रडली. आता ते रडणं वेगळं व्हतं. मी पण रडले. ते इथं लिवत न्हाई.

मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, म्हणून पाटी भरून भाकरी अन् पातेलंभर पिठलं आणलं व्हतं तिनं. टाकायचं कशाला. नऊ बायका, आमी घरची, सगळी अंगणात बसलो अन् माझ्या मयताचं पिठलं खाल्लं. मीठ जास्त व्हतं. तसं म्हणलं तर ठकु म्हणाली, रडत केलंय, कुठं मोजत बसू.

बायका टेम्पोनं गेल्या. ठकु राहिली. आता आलेच हाय तर उद्या लेकराचं बघून जाते, म्हणाली. असं तोंड वाकडं करून.

कार्डानं काम केलं. एका कार्डात माणूस पालीस्नं पासलीला. ग्रुपवर टाकून आलं असतं का कुणी.

२ मार्च, रविवार

जावळ झालं. इंद्रजित रडला न्हाई, न्हावी घामाघूम झाला. बोकड चांगलं शिजलं. जास्त लिवत न्हाई.

दीडशे पान उठलं. म्या एकेकाला इचारलं, कार्डावरची खूण ओळखली का. कसलं कार्ड, म्हणत व्हते. सोमनाथनं तीन तारखेलाच ग्रुपवर टाकलं व्हतं. गेल्या महिन्याच्या तीन तारखेला. जेव्हा गप बसला तेव्हा.

गोरखला पण आलं व्हतं ते. आईला सांगायचं धाडस झालं न्हाई म्हणाला, नाव काढलं की भांडी आपटते.

सरपंचाच्या घरी माझं कार्ड पलंगाच्या पायाखाली हाय. पलंग हलत व्हता, आता हलत न्हाई. जाड कागदाचा हा पण फायदा असतो.

ठकुनं निळं लुगडं नेसलं. दिवाळीचं हाय म्हणलं. कंच्या दिवाळीचं, तिनं इचारलं न्हाई.

३ मार्च, सोमवार. सकाळी

ठकु जायच्या आदी ओट्यावर बसली अन् कार्ड मांडीवर घेतलं. म्हणाली, आता सांग, हे काय काय हाय. म्या बोट लावून सांगितलं. टेम्पो, सोमनाथ. शिखर, रत्नाचं माहेर. मोगरा, शेफाली. चप्पल, तुझं दाजी. मेंढरू, सावळा. वांगं, मी. संपलं. ठकु म्हणाली, पुढं सांग.

पुढं मोकळी जागा व्हती.

तीन सालं म्या छापखान्यावाल्याला पुढं केलं. आज छापखाना मीच. कुणाचं नाव सांगू. बोकडाचं सांगावं असं मनात आलं, पण ते कालच जेवलो आपण.

मग उठले, डायरीच्या मागल्या पानातली चिठ्ठी काढली. लग्नाच्या पत्रिकेची. माझ्या हातची. तिला म्हणलं, ठकु, ही यादी म्या दिली व्हती. हिच्यातच तू न्हाईस. त्या बापड्याची काही चूक न्हाई.

वाचता येत न्हाई तरी तिनं चिठ्ठी वरनं खाली बघितली. मग म्हणाली, का.

म्या म्हणलं, जी नावं इसरायची भीती व्हती ती लिवली. तुला कोण इसरतंय, म्हणून लिवलं न्हाई. हे खरं हाय का आत्ता तोंडातनं निघालं, मलाच ठावं न्हाई. पण आता हेच धरलंय.

ठकु म्हणाली, लई शहाणी. मग म्हणाली, अन् ह्या कार्डावर का न्हाई. म्या म्हणलं, मोर येत न्हाई मला. कोंबडी व्हते, तांब्या व्हतो.

ब्लेड आण, म्हणाली. रबर संपलंय म्हणलं, तर तिनं स्वतःच्या पायातली काढली. बाही वर केली, हातावरचा गोंदलेला मोर ढोपरावर टेकवला अन् त्याच्याकडं बघून कोरायला लागली. शाळेत न गेलेली बाई. चहा व्हायच्या आत मोर झाला. तुरा, पिसारा, पायाची नखं सुदा. काजळीत टेकवला, वांग्याच्या शेजारी दाबला, सरळ उचलला. तोंड दुसरीकडं झालं, माझ्या वांग्याकडं, पण मोराला ते शोभलं.

एवढं सोपं व्हतं. हातावरचा बघून करायचं. मला सुचलं न्हाई. सुचून तरी काय, तो हात तीन सालं कुठं व्हता माझ्याजवळ.

जाताना पॅड, ब्लेड, मोगरा अन् यंत्र, सगळं घेऊन गेली. गोरखच्या हाटेलात कार्डं करून ठेवणार म्हणे, गडावर येणारे घेतील. तुझ्या हातात कला न्हाई बये, तू आपलं लिव, म्हणाली.

ह्यांची एक अन् ठकुची एक, अशा दोन चपला कमी झाल्या घरातनं. ह्यांच्या दोन्ही, म्हंजे तीन.

पालीस्नं ठकुचा फोन आला. पोचले म्हणाली. मोबाईल चालू ठेव म्हणाली.